अध्यक्षांचा पट्टा आणि बालवर्गाचं विमान

"एक जरी मूल खुर्चीला चिकटलेलं दिसलं ना, तर मी स्वतः हा कॉम्प्युटर उचलून ऑफिसात नेऊन ठेवीन!"

बालवर्गाच्या ताई असं बोलून गेल्या आणि फसल्या. माणसाने रागाच्या भरात बोलू नये आणि शाळेच्या अध्यक्षांसमोर तर मुळीच बोलू नये. अध्यक्षांनी ते शब्द अलगद झेलले.

"ठरलं तर मग," ते म्हणाले. "शुक्रवारी पालकसभेच्या आधी मी वर्गात येतो. एक जरी पोर डोळे फाडून त्या डबड्याकडे बघत बसलेलं दिसलं, की डबडं ऑफिसात!"

अध्यक्षांचा कॉम्प्युटरवर भारी राग. पोरं त्याने मठ्ठ होतात, पोक काढून बसतात, बोलेनाशी होतात, असं ते येईल त्याला ऐकवायचे. ताईंचं म्हणणं एकदम उलट. त्यांनी कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं एक सॉफ्टवेअर घातलं होतं. त्यात रंग होते, ब्रश होते, फुलापानांचे शिक्के होते आणि चुकलं तर सगळं पुसून टाकणारं रबरही होतं. वर्गात खेळ मांडायचा आणि खेळात जे लागेल ते मुलांनी तिथे काढायचं. दुकान मांडलं तर पाट्या, दवाखाना मांडला तर औषधांच्या बाटल्या! "काढा, छापा, पळा!" हा ताईंचा मंत्र होता. एकाचं छापून झालं की तो पळणार आणि दुसऱ्याची पाळी येणार. मग चिकटायला वेळ आहे कुणाला?

ताईंचा दुसरा नियम त्याहून कडक होता. खेळ सुरू असताना खेळाचे नियम सगळ्यांना सारखे. मोठं माणूस आलं म्हणून खेळ मोडायचा नाही. हा नियम केला तेव्हा ताईंच्या डोळ्यांसमोर अध्यक्ष नव्हते, हे सांगायला नकोच.

त्या आठवड्यात वर्गात विमानतळ होता. वर्गातल्या एका मुलीची आई खऱ्या विमानतळावर तपासणीच्या कामाला. ती गणवेश घालून वर्गात आली आणि तपासणी कशी करतात ते तिने मुलांना रीतसर करून दाखवलं. तेव्हापासून तिची लेक सगळा विमानतळ एकहाती चालवत होती. वय पाच, पुढचे दोन दात पडलेले, पण आवाजात असा वचक की ताईसुद्धा तिला मॅनेजर म्हणायच्या.

शुक्रवारी ताई खुशीत होत्या. खुर्च्या दोन रांगांत लावून विमान तयार होतं. खिडक्या मुलांनी कॉम्प्युटरवर काढून, छापून भिंतीला चिकटवल्या होत्या. एका खिडकीत ढगावर गाय उभी होती.

"एवढ्या वर गाय?" ताईंनी विचारलं होतं.

"तीपण फिरायला चाललीय," चित्रकार म्हणाला. या चित्रकाराला सगळे भोंगा म्हणत. तो रडायला लागला की तिसऱ्या गल्लीपर्यंत ऐकू जायचं. आज तो पायलट होता.

ताई प्रवासी म्हणून पुढच्या खुर्चीत बसल्या. मुलांनी त्यांना उड्या मारायच्या दोरीने हातांसकट खुर्चीला बांधलं, कारण विमानात पट्टा बांधतात. गाठी अशा मारल्या की सोडवायला सुतारच बोलवावा लागला असता! आणि नेमके तेव्हाच अध्यक्ष दारात उभे राहिले.

अध्यक्षांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं. खुर्ची रिकामी! पोरं इकडून तिकडे नुसती धावत होती. ताईंच्या छातीत आनंद मावेना. अध्यक्षांचं तोंड मात्र एवढंसं झालं. जवळून बघावं म्हणून त्यांनी एक पाऊल आत टाकलं.

"थांबा!" मॅनेजर आडवी आली. "पासपोर्ट?"

"अगं, मी या शाळेचा—"

"नाहीये वाटतं. बसा, काढून देते." ती टुणकन खुर्चीवर चढली, माउस फिरवला आणि बघता बघता प्रिंटरमधून अध्यक्ष बाहेर आले. टक्कल गुलाबी, मिशा जांभळ्या आणि या कानापासून त्या कानापर्यंत हसू. मॅनेजर खुर्चीवरून खाली. काढा, छापा, पळा!

"आता चपला काढा. काठी, चष्मा, किल्ल्या इथे ठेवा." तिने डब्याचा ट्रे पुढे केला.

अध्यक्ष गोंधळून ताईंकडे बघू लागले. ताईंनी उठायचा प्रयत्न केला, तर खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. "मॅनेजर! अगं, ते पाहुणे आहेत!"

"पाहुण्यांचीपण तपासणी करतात. माझी आई तर मंत्र्याचीपण करते!"

आता मंत्र्याचीही करतात म्हटल्यावर अध्यक्षांना नाही म्हणवेना. त्यांनी काठी ठेवली, चष्मा ठेवला, किल्ल्या ठेवल्या.

"पट्टा."

"काय?"

"कमरेचा पट्टा काढा, आजोबा! त्याचं बक्कल वाजतं."

अध्यक्षांची पँट ढगळ होती. पोट गेल्या वर्षी डॉक्टरने कमी करायला लावलं होतं, पँट मात्र जुनीच होती. त्यांनी पट्टा काढला मात्र, पँटने हळूच खालचा रस्ता धरला! दोन्ही हातांनी तिला धरून अध्यक्ष विमानात शिरले. तिकडे ट्रे उचलून एका पोराने विमानाच्या शेपटात, म्हणजे मागच्या कपाटात टाकला आणि कपाटाला कडी घातली.

आणि फोन वाजला. हात अडकलेले! अध्यक्षांनी एका हाताने पँट सावरत दुसऱ्याने कसाबसा फोन कानाला लावला.

"साहेब," पलीकडून मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पालक येऊन बसलेत. आपल्या भाषणासाठी सगळे थांबलेत."

"आलोच!" अध्यक्षांनी फोन ठेवला. "बाळ, माझा पट्टा दे पाहू."

"सामान उतरल्यावर मिळतं," मॅनेजर म्हणाली. "आधी विमान उडायला पाहिजे."

"मग उडव ना लवकर!"

"पायलट शूला गेलाय."

अध्यक्षांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी खिडकीतल्या गायीकडे पाहिलं. दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

बऱ्याच वेळाने भोंगा आला. पण तो चार पायांवर आला. "मी आता पायलट नाहीये. मी ढगावरची गाय आहे."

"अरे, गाय मग हो!" अध्यक्ष कळवळून म्हणाले. "आधी दोन मिनिटं विमान चालव!"

"हंबाऽऽऽ!" भोंग्याने असा आवाज लावला की कपाटातल्या किल्ल्या खुळखुळल्या.

"विमान रद्द," मॅनेजरने जाहीर केलं. "सामान परत मिळेल. पासपोर्ट दाखवा." अध्यक्षांनी घाईघाईने छापलेला कागद पुढे केला. तिने कागद पाहिला, अध्यक्षांना पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. "हे तुम्ही नाही."

"अगं, तूच काढलास ना!"

"यातले आजोबा हसतायत. तुम्ही हसत नाही."

अध्यक्षांनी हसून दाखवलं. पँट धरून, पट्टा कपाटात आणि सभा खोळंबलेली असताना माणूस जसा हसेल तसेच ते हसले. एक मुलगी घाबरून ताईंच्या मागे लपली.

"नाही जमत तुम्हाला," मॅनेजर म्हणाली. "नवीन पासपोर्ट काढा. मला वेळ नाही, मला गायीला गवत छापायचंय. तुमचं तुम्ही काढा. तिथे बसून."

"मी? मला नाही येत ते."

"मग शिका. सोप्पं आहे!" तिने त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. बसल्यावर पँट धरायची गरज उरली नाही, तेवढंच एक सुख! अध्यक्षांनी माउस असा आवळून धरला की जणू तो चावणार होता.

"हळू धरा ना. तो पळून नाही जात. हां, आता गोल काढा."

गोल निघाला तो भोपळ्यासारखा. अध्यक्षांनी मान तिरकी केली. मग मिशा काढल्या. त्या बऱ्या जमल्या. मग कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि अख्खं तोंड हिरवंगार झालं!

"अरेच्चा!" म्हणत अध्यक्ष एकटेच खदखदून हसले. खरंखुरं हसले. "हे निळंपण होतं का?"

झालं निळं. मग पिवळं. मग टकलावर फुलाचे शिक्के उमटू लागले. "आजोबा, आता माझी पाळी," एका पोराने खांद्याला हलवून पाहिलं. "थांब रे, एवढा कान होऊ दे." गायीचं गवत खोळंबलं. प्रवासी खोळंबले. मॅनेजरने कपाट उघडून पट्टा आणून मांडीवर ठेवला, तरी अध्यक्षांनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. ताई बांधल्या जागेवरून हाका मारत होत्या, "साहेब! सभा! पालक!" पण साहेबांच्या कानात काही शिरतच नव्हतं. पोक काढून, डोळे फाडून ते पडद्यात शिरले होते.

शेवटी वाट पाहून पाहून मुख्याध्यापिकाच वर्गात आल्या आणि त्यांच्या मागे सगळे पालक! आत पाहतात तो काय? एक पोर गाय झालंय, बाकीची गवत मागत पळतायत, ताई खुर्चीला बांधलेल्या आणि अख्ख्या वर्गात एकच जण कॉम्प्युटरला चिकटून बसलेला.

अध्यक्ष दचकून वळले. पडदा झाकायला त्यांनी दोन्ही हात पसरले, पण झाकणार किती? हातांच्या मधून पिवळं टक्कल दिसतच होतं.

मुख्याध्यापिका शिस्तीच्या बाई. दिलेला शब्द म्हणजे शब्द. "साहेब, आपण ठरवलंच होतं," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "कुणीही चिकटलेलं दिसलं तर कॉम्प्युटर ऑफिसात. शिपायाला बोलावू का?"

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. एवढी सगळी पोरं पळती ठेवली आणि बुडवलं कुणी, तर खुद्द परीक्षकाने! डोळ्यांत पाणी आलं, पण हात बांधलेले असल्यामुळे तेही पुसता येईना.

"नको, नको!" अध्यक्ष ताडकन उठले. पँटची आठवण झाल्यावर तेवढ्याच घाईने परत खाली बसले. "डबडं... आपलं, कॉम्प्युटर इथेच राहू दे. मुलांसाठी फार चांगला आहे. फारच चांगला!"

"पण ऑफिसातही त्याचा उपयोग होईल की," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

अध्यक्षांनी पालकांकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं आणि माउसवरचा हात न काढता आवाज एकदम खाली आणून म्हणाले,

"ऑफिसात नका हो नेऊ. तिथे मला कुणी हातसुद्धा लावू देणार नाही!"