आमच्या गोठ्यातलं बाळंतपण

शाळा चालवण्यात एवढं अवघड काय असतं, हे मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेलं नाही! फळा घ्यायचा, खडू घ्यायचा, पोरांना समोर बसवायचं आणि आपल्याला जे येतं ते सांगून टाकायचं. आणि मला तर पुष्कळ येतं! शेवंतीवर मावा पडला तर काय फवारायचं, झेंडू केव्हा तोडला म्हणजे बाजारात टवटवीत पोचतो, गाय रुसली तर तिला कसं मनवायचं... एवढं ज्ञान डोक्यात घेऊन मी, म्हणजे देवानंद, भातकुलीच्या रस्त्याला फुलशेती करतो. ज्ञान वाया चाललं होतं, एवढंच.

आमची दोन्ही पोरं घरीच शिकतात. पौर्णिमा सात वर्षांची, सागर पाच. माझी बायको रागिणी लग्नाआधी अकोल्याला शिक्षिका होती. शेतापासून शाळा लांब, म्हणून तिनं ओसरीवरच शाळा उघडली आणि झकास चालवली. पण यंदा डिसेंबरात ती तिसऱ्या खेपेला दिवसात होती. डॉक्टरांनी जानेवारीचा पहिला आठवडा सांगितला होता आणि त्याबरोबर "सक्त आराम" असंही सांगितलं होतं.

हे कळल्याबरोबर अकोल्याहून सासरेबुवांचा, चंद्रभानजींचा, फोन आला. घरच्या शाळेवर त्यांचा पहिल्यापासून राग.

"जवाईबुवा, आता बस झालं! पोट्टे शायेत टाका. बाळंतीण का एका हातानं लेकरू पाजीन अन् एका हातानं पाढे शिकवीन?"

रागिणी बाजूलाच होती. तिचा चेहरा असा उतरला की मला राहवलं नाही.

"मामाजी," मी म्हणालो, "बाळ होईपर्यंत शाळा मी चालवतो. मंग तुमी या, पोट्ट्यांले पाहा, अन् मंग ठरवू!"

फोन ठेवला. रागिणी माझ्याकडे बघत होती.

"तुमी? शाळा?"

"काऊन? मी का अंगठेबहाद्दर हाय?"

"तसं नाही," ती म्हणाली, "पण तुमी समोरच्याचं ऐकत नाही न, अन् लेकरं तुमचं सगळंच ऐकतात." हे ती का म्हणाली, ते मला तेव्हा समजलं नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी शाळा भरली. समोर अंगणात अमरावतीच्या चर्चसाठी पांढऱ्या शेवंतीच्या टोपल्या टेम्पोत चढत होत्या. सागरनं विचारलं, "पप्पा, हे लोक एवढी फुलं कायले नेतात?"

वा! म्हटलं, याला म्हणतात खरं शिक्षण! मी ताबडतोब गणित बंद केलं (तसंही ते हातच्यापाशी अडलं होतं) आणि नाताळची गोष्ट सांगायला घेतली. मेरी आणि योसेफ कसे दूरच्या गावाला निघाले, मेरी कशी गाढवावर बसली होती, तिचे दिवस भरले होते, पण धर्मशाळेत जागाच नव्हती. मग गोठ्यात बाळ येशूचा जन्म झाला, गव्हाणीत त्याला निजवलं, आकाशात तारा चमकला, मेंढपाळ आले, तीन शहाणे पुरुष भेटी घेऊन आले. माझी गोष्ट अशी रंगली की ड्रायव्हरही टोपली डोक्यावर धरून ऐकत उभा राहिला!

तेवढ्यात बाजारातून अडत्याचा फोन आला. एक कान त्याच्याकडे, एक पोरांकडे.

"पप्पा," पौर्णिमा म्हणाली, "आपल्या घरात तरी जागा कुठं हाय? त्या खोलीत खताची पोती हायत."

"नाही, नाही, अजिबात जागा नाही!" मी अडत्याला म्हणालो. तो आणखी माल पाठवा म्हणत होता आणि टेम्पो गच्च भरला होता.

"मंग आपलं बाळ गव्हाणीत ठेवाचं?"

"हो हो, ठेवा! पण चांगलं स्वच्छ करून ठेवा!" हे त्याच्याकडच्या रिकाम्या टोपल्यांबद्दल होतं.

फोन बंद झाला तेव्हा पोरं जागेवर नव्हती. "कुठं चालले रे?" मी हाक मारली. "प्रोजेक्ट!" गोठ्याच्या बाजूनं उत्तर आलं. म्हटलं, बघा! पहिल्याच तासाला पोरं आपणहून प्रोजेक्ट करतात! टेम्पो अमरावतीला रवाना केला, फोन घरात चार्जिंगला लावला आणि मी वावराच्या दुसऱ्या टोकाला पाणी सोडायला गेलो. मागं शांतता होती. शांतता ही उत्तम शिक्षकाची खूण, असं माझं तेव्हा मत होतं.

त्या शांततेत काय चाललं होतं, ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. पोरांनी गंगी गाय निंबाखाली नेऊन बांधली. गोठा झाडला, सडा घातला. आत खाट आणली. गव्हाणीत कडबा पसरून त्यावर नव्या बाळासाठी शिवलेली गोधडी घातली. दिवाळीचा आकाशकंदील काढून आढ्याला टांगला. आता तारा चमकला पाहिजे! मग आईचा फोन घेतला, त्याची बॅटरी लावली आणि तो कंदिलात ठेवून दिला. पोरं शिकत असताना रागिणी फोनचा आवाज बंद ठेवते. त्यामुळे पुढं दोन तास अकोल्याहून फोनवर फोन येत होते आणि आमच्या गोठ्यातला तारा नुसता थरथरत होता!

अकोल्याहून फोन का येत होते? कारण तारा टांगण्याआधी पौर्णिमेनं आजीला आवाजी निरोप पाठवला होता.

शेवटी त्यांनी आईला बोलावलं. रागिणीनं गोठा पाहिला, पोट धरून हसली, आणि पोरांच्या आग्रहाखातर खाटेवर जरा टेकली. दारातून हिवाळ्याचं कोवळं ऊन येत होतं. नवव्या महिन्यातल्या बाईला झोप लागायला आणखी काय पाहिजे?

आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या सुंदराबाई विरजण मागायला आल्या.

सुंदराबाईंचा आवाज म्हणजे गावची नळयोजना. एकदा सुटला की घरोघर पोचतो! त्यांनी पाहिलं काय? गाय बाहेर, रागिणी गोठ्यात खाटेवर डोळे मिटून पडलेली, गव्हाणीत गोधडी आणि बाजूला दोन लेकरं हात जोडून बसलेली.

"अवं माय वं! रागिणी गोठ्यातच बाळंत झाली वं!"

मी वावरातून पाहिलं तर गल्लीतल्या सगळ्या बाया आमच्या गोठ्याकडे धावताहेत! आणि गोठ्याच्या दारातून धूर! म्हटलं, मेलो! गोठा पेटला! पाटातून बादली भरली आणि जीव खाऊन पळत सुटलो. दारात पोचलो, डोळे मिटले आणि बादली रिकामी केली.

धूर शेगडीचा होता. बाळंतिणीला शेक द्यायला कोणीतरी पेटवून आणलेली. शेगडी विझली आणि तिच्यावर फुंकर घालणाऱ्या सुंदराबाई डोक्यापासून पायापर्यंत निथळू लागल्या. ऐन डिसेंबरात!

या गोंधळात रागिणीला जाग आली. ती उठून बसली. "काय झालं?"

"काय झालं म्हंजे?" सुंदराबाई कुडकुडत ओरडल्या. "तेच तं आमी इचारून राहिलो! पोरगं का पोरगी?"

रागिणीनं स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. ते होतं तिथंच होतं.

तेवढ्यात दारात जीप येऊन थांबली. पुढून चंद्रभानजी उतरले, मागून सासूबाई मैनाबाई डिंकाच्या लाडवांचा डबा छातीशी धरून, आणि स्टिअरिंगवरून मेहुणा नितेश. जीपच्या टपावर घडीचा पाळणा बांधलेला!

सागर आनंदानं उड्या मारू लागला. "ताई, तीन शहाणे आले! भेटी घेऊन आले!"

"शहाना कोनाले म्हनतं बे?" चंद्रभानजी गरजले.

सासूबाई थेट लेकीकडे धावल्या, तिला चाचपलं, ती अजून भरल्या पोटाची आहे याची खात्री केली आणि मग माझ्याकडे वळल्या. आमच्या सासूबाई संतापल्या तरी मान सोडत नाहीत.

"जवाईबुवा! ऐका जरा!" त्यांनी फोन काढला आणि भर गोठ्यात पौर्णिमेचा गोड आवाज घुमला:

"आजी, पप्पानं सांगतलं का घरात अजिबात जागा नाही. म्हनून आईले आमी गोठ्यात ठेवून राहिलो. बाळ गव्हाणीत ठेवू. गंगीले बाहेर बांधलं. आईले गाढवावर बसवून आनाचं होतं, पन गाढव नाही भेटलं."

सगळा गोठा माझ्याकडे बघू लागला. निंबाखालून गंगीसुद्धा!

"अहो, मी नाताळची गोष्ट सांगितली होती!" मी कळवळून म्हणालो. "येशूच्या जन्माची!"

"मंग त्याच्यासाठी माह्या लेकीले काऊन गोठ्यात टाकलं?" सासूबाई कडाडल्या.

"हे पाहा तुमची घरची शाया!" चंद्रभानजी म्हणाले. "मी का म्हनत होतो? उद्याच्या उद्या दोघांचं नाव..."

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही, कारण रागिणी हसायला लागली. ओल्या सुंदराबाईंकडे पाहून हसली, टपावरच्या पाळण्याकडे पाहून हसली, माझ्या हातातल्या बादलीकडे पाहून तर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि हसता हसता एकदम थांबली. तिनं माझं मनगट धरलं. तिची बांगडी पिचेल असं धरलं.

"अवो," ती हळूच म्हणाली, "आता खरंच."

जानेवारी म्हणाले होते डॉक्टर! टेम्पो शेवंती घेऊन अमरावतीत. मला एवढंच सुचलं की बादली खाली ठेवावी.

"जीप वळव!" सासूबाईंनी लेकाला फर्मावलं. एका क्षणात त्यांच्या आवाजातला राग गेला होता, नुसतं काम उरलं होतं. आम्ही रागिणीला मागच्या सीटवर बसवलं. नितेशनं जीप वळवली आणि कचकन ब्रेक दाबला.

आमच्या गल्लीत, दोन्ही बाजूंच्या काटेरी कुंपणांमध्ये, या टोकापासून त्या टोकापर्यंत मेंढ्याच मेंढ्या! रिकाम्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवायला धनगरांना मीच बोलावलं होतं आणि मीच विसरलो होतो. जणू कोणी कापसाची गाडी गल्लीत उलटी केली होती.

"पप्पा!" पौर्णिमा टाळ्या वाजवत होती. "मेंढपाळ पन आले!"

नितेशनं हॉर्न वाजवला. मेंढ्यांनी मान वर केली, विचार केला आणि आणखी दाटून उभ्या राहिल्या. मागून रागिणी कण्हली. मी उतरलो, ढकलू लागलो. चंद्रभानजी धोतर खोचून उतरले. एका मेंढ्यानं त्यांना असं ढुसणं दिलं की ते माझ्या गळ्यात पडले. सासरे-जावयाची एवढी गळाभेट लग्नातसुद्धा झाली नव्हती!

तेव्हा मागून सुंदराबाई आल्या. ओलं लुगडं कमरेला खोचलेलं, केसांतून पाणी गळतंय.

"सरकाऽऽऽ! बाळंतीण हाय गाडीत! सरका म्हनते ना तुमाले!"

नळयोजना पुऱ्या दाबानं सुटली! मेंढ्या बिथरल्या, उलट्या फिरल्या आणि धनगरांच्या मागं मी लावलेल्या शेवंतीतून आरपार धावत सुटल्या. रस्ता मोकळा! शेवंतीकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

दवाखान्यात पोचलो आणि रागिणीला आत नेलं. बाकावर मी आणि चंद्रभानजी. ते टोपी काढत, पुन्हा घालत. मी जमिनीकडे बघत. मग आतून एक कोवळा, चिडका, सुंदर आवाज आला. नर्स बाहेर आली. "मुलगी झाली! दोघी ठणठणीत आहेत. बरं झालं वेळेवर आलात, अजून जरा उशीर झाला असता तर रस्त्यातच झालं असतं."

चंद्रभानजींनी टोपीनं डोळे पुसले.

"जवाईबुवा, टेम्पो बाहेर गेला होता ना तुमचा?"

"हो."

"म्हंजे त्या पोट्टीनं निरोप धाडला नसता, तं..."

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. ते म्हणाले, "लेकरं हुशार हायत. सांगतलेलं पक्कं ध्यानात ठेवतात. त्याईच्यात खोट नाही." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मास्तर तेवढा बदला."

नाताळच्या सुट्ट्या संपायच्या आत रागिणी घरी आली. सुंदराबाईंनी (सर्दी झालेली, पण आवाज शाबूत) दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. पौर्णिमेनं बहिणीला घर दाखवलं: ही शेवंती, म्हंजे होती; ही गंगी; हे आजोबा, हे आता आपल्याकडंच राहून राहिले. आणि खरंच! खताची पोती गेलेल्या खोलीसमोर, ओसरीवर, चंद्रभानजी हातात खडू घेऊन उभे होते. अकोल्याचा माणूस, घरच्या शाळेचा कट्टर वैरी, फळ्यावर हातच्याची बेरीज मांडत होता!

"मास्तर आजोबा," पौर्णिमेनं मला समजावून सांगितलं. "आई बाळाले घेऊन मोठ्या बाई. सागर पहिलीत, मी तिसरीत, बाळ बालवाडीत."

"अन् मी?" मी हौसेनं विचारलं. इतिहास किंवा निदान शेतकी तरी मिळेल, असं वाटत होतं.

पौर्णिमेनं आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी रागिणीकडे पाहिलं. रागिणीनं तोंडाला पदर लावला आणि सतरंजीवरच्या एका जागेकडे बोट केलं.

मी गुमान जाऊन बसलो. सागर थोडा सरकला, मला पाटीचा कोपरा दिला आणि कानात कुजबुजला, "पप्पा, मधात बोलू नका. नाही तं तुमच्यापायी मलेबी रागावतात."