भैय्याजींच्या म्हशी मी हलवल्या

आमच्या सक्करदऱ्यातल्या गल्लीत चिलटं नेमकी कुठून येतात, ते पहिल्यांदा मी शोधून काढलं. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली आहे मी. कुठून काय आलं आणि कुठे गेलं, हे मला विचारावं.

यंदा पावसाळा सरता सरता चिलटांनी जीव नकोसा केला. तिळापेक्षा लहान, पण चावलं की रुपयाएवढी गांधी उठे. मच्छरदाणीच्या छिद्रांतून तर ती वऱ्हाडासारखी थाटात आत येत. मी चार दिवस संध्याकाळी गच्चीवर उभा राहिलो आणि पाहिलं, की त्यांचा ढगच्या ढग भैय्याजींच्या गोठ्यावर उतरतो. भैय्याजी आमचे भिंतीपलीकडचे शेजारी. दोन म्हशी, आणि पंधरा वर्षं आमच्याकडे त्यांचंच दूध.

"शेणातच पैदास होऊन राहिली," मी गल्लीच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं. "म्हशी हलवा, चिलटं गेलीच समजा."

"शेण त मी रोज सकाळी उचलतो, मनोहरराव," भैय्याजी म्हणाले. "ओल त तुमच्याच घरामांगं..."

"भैय्याजी, भावनेत जाऊ नका. हे शास्त्र आहे."

म्हशी हलवण्याच्या अर्जावर सगळ्या गल्लीच्या सह्या झाल्या. भैय्याजी भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी म्हशी टेम्पोत चढवल्या आणि उमरेडला मेहुण्याकडे नेऊन सोडल्या. परत आले ते दोर खांद्यावर टाकून, खाली मान घालून. मला वाईट वाटलं, पण तेवढ्यात गल्लीनं माझ्या सत्काराला शाल आणली.

त्याच संध्याकाळी मी शाल पांघरून अंगणात बसलो. शालीबाहेर जेवढा मनोहरराव होता, तेवढा सगळा चावून झाला.

तिसऱ्या दिवशी अख्खी गल्ली खाजवत होती. समोरच्या शोभाताई म्हणाल्या, "पहिले चिलटं दिसत होते, पण असे तुटून नव्हते पडत. काहून होऊन राहिलं असं?"

"बेघर झाली आहेत ती," मी म्हणालो. "दोन दिवसांत निघून जातील."

आठ दिवस झाले तरी ती गेली नाहीत. शेवटी माझ्या बायकोनं, गोपिकानं, भाचीला फोन केला. अश्लेषा गुरांच्या डॉक्टरकीचं शिकते आणि याच किड्यांवर काम करते. तिनं छोटा दिवा, पंखा आणि बाटली असलेले दोन सापळे आणले. एक रिकाम्या गोठ्यात टांगला, एक आमच्या परसात. सकाळी गोठ्याच्या बाटलीत चिमूटभर चिलटं होती. आमची बाटली मोहरी भरून ठेवल्यासारखी काळी.

"काकाजी, हे ओल्या चिखलात, सडक्या पाल्यात वाढतात," अश्लेषा म्हणाली. "तुमच्या टाकीचा वॉल्व्ह गळून राहिला, खाली पाल्याचा ढीग. भिंतीमुळे वाराही लागत नाही, आणि वारा असला की यांना उडता येत नाही. याहून चांगली जागा त्यांना मिळणार नाही."

तो ढीग म्हणजे माझं खत. आयतं पाणी मिळतं म्हणून वॉल्व्ह मीच दुरुस्त करू देत नव्हतो.

"पण जमायची तर गोठ्यावर," मी म्हणालो.

"जेवायला जायची. तुम्ही त्यांचं जेवण उमरेडला पाठवलं."

"हे बाहेर बोलू नकोस, बेटा."

"अवो," गोपिका दारातून म्हणाली, "मी शोभाताईले सांगून आली."

मी भैय्याजींकडे गेलो. माफीचं भाषण पाठ केलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "चुकलं माझं." ते फावडं घेऊन माझ्यासोबत परसात आले. दिवसभर आम्ही दोघांनी चिखल आणि पाला उपसला, प्लंबरनं वॉल्व्ह बदलला. दोन आठवड्यांत चिलटं निम्म्याहून कमी झाली.

"आता म्हशी आणू या," मी म्हणालो. "टेम्पो मी सांगतो."

"नाही येत त्या. तिथं मोकळं रान हाये, दूध वाढलं. मेहुणा सोडत नाही."

आता आमच्याकडे पिशवीचं दूध येतं. भैय्याजींना पहाटे उठायची सवय आणि काम काही नाही. म्हणून ते रोज साडेपाचला आमच्याकडे चहाला येतात. पहिला घोट घेतात, कप खाली ठेवतात आणि माझ्याकडे बघत म्हणतात, "पाणी हाये."

मी मान हलवतो आणि त्यांच्या कपात अजून एक चमचा साखर टाकतो.