एका तारेवर दोन कॉम्प्युटर

तीस वर्षं टेलिफोनच्या तारा ओढून निवृत्त झालेल्या बाबांना, घरातली एक तार दोन कॉम्प्युटरांत वाटून देणं म्हणजे अगदी डाव्या हातचं काम वाटलं. बाहेरच्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर आणि मोडेम, आतल्या खोलीत लेकीने लग्नानंतर मागे ठेवलेला जुना कॉम्प्युटर, आणि मधून चौकटीला खिळे ठोकून ओळंब्यात नेलेली वायर. इंटरनेटसाठी फोनच्याच लाइनवरून नंबर फिरवताना मोडेम जे किंचाळे ते आईला सोसवत नसे, म्हणून बाबांनी त्याचा आवाजच बंद करून टाकला होता. बायकोसाठी ते काय वाटेल ते करत, फक्त बोलून दाखवत नसत.

त्या दिवशी सकाळी जावयाचा परगावाहून फोन आला. लेकीला दवाखान्यात नेलं होतं, पहिलंच बाळंतपण. फोन ठेवल्याबरोबर बाबांनी हुकूम काढला : लाइन मोकळी राहिली पाहिजे, रिसीव्हरला कुणी बोट लावायचं नाही. फोन करायला आलेल्या शेजारणीलाही त्यांनी दारातूनच वाटेला लावलं. शिवाय जावयाने मेल पाठवलीच तर ती चुकू नये, म्हणून आतल्या कॉम्प्युटरला दर पाच मिनिटांनी मेल बघायच्या कामाला लावून ठेवलं.

मग दोघं फोनसमोर बसली. दुपार झाली, चहा निवला, फोन ढिम्म.

"पहिल्या खेपेला वेळ लागतोच," बाबा म्हणाले. जणू तारांबरोबर त्यांनी बाळंतपणंही केली होती. पण त्यांचा पाय सारखा हलत होता आणि आईला तो दिसत होता.

चार वाजता आई डोळे पुसायला आत गेली आणि तिथूनच स्क्रीनवर आलेल्या जावयाच्या मेलचा एकेक शब्द वाचू लागली, "तीन तास फोन एंगेज येतोय. मुलगी झाली. दोघी छान आहेत. बाबा, आधी इंटरनेट बंद करा."

आतला कॉम्प्युटर दर पाच मिनिटांनी हाक मारत होता आणि बाहेरचा मोडेम, आवाज बंद केलेला, इमानेइतबारे लाइन धरून बसला होता!

बाबांनी मोडेमची वायर उपटली. थोड्याच वेळात फोन वाजला. त्यांनी झडप घालून उचलला, तर कानात बारीक, लांबलचक किंचाळी.

"परत मोडेमच," म्हणून त्यांनी रिसीव्हर आदळला.

आई बघतच राहिली. उपटलेली वायर अजून बाबांच्या मुठीत होती.

फोन पुन्हा वाजला. या वेळी आईने उचलला. "नातीला मोडेम म्हणालात ते लेकीला सांगणार नाही हो," म्हणत तिने रिसीव्हर दोघांच्या कानांमध्ये धरला. पलीकडे तीच किंचाळी चालू होती. बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. काहीतरी बोलायला हवं, म्हणून ते खाकरले.

"आवाज स्वच्छ येतोय," ते म्हणाले, "लाइनमध्ये खरखर अजिबात नाही."