रणपटानं पाळी बंद केली!

कालव्यातून शेतांकडं येणाऱ्या चारीच्या पाण्याची पाळी लावणं आणि फोनवरची लढाई जिंकणं, या दोन कामांत माझा हात धरणारा आमच्या न्हावऱ्यात अजून जन्मायचाय! पाणी संस्थेचा अध्यक्ष आहे मी. रानात पाणी घ्यायला कोणी आपलं मातीचं दार कधी उघडायचं आणि कधी बुजवायचं, ते माझ्या शब्दावर चालतं. आणि ‘रणपट’ नावाच्या गेममधले सगळे किल्ले माझ्या ताब्यात आहेत!

मी वाचायला शिकलो साठी उलटल्यावर. पण रणपटाला घाई नव्हती. चौकटींचा पट, त्यावर माझे सैनिक. आधी माझी पाळी, मग शत्रूची. सैनिक एकमेकांशी काय बोलतात ते खाली मराठीत उमटायचं. मी अक्षराला अक्षर जोडत बसलो की शत्रू तलवार उगारून तसाच उभा! एवढा सभ्य माणूस मला सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा भेटला नाही.

त्याचा दुसरा भाग येणार म्हणून तीन वर्षं वाट पाहिली. शेवटी आला. पुण्याला असलेल्या नातीनं, प्रांजलनं, फोनवर सांगून सांगून तो माझ्याकडून उतरवून घेतला. मी चष्मा पुसला, चहा बाजूला सारला आणि गेम उघडला.

चौकटी गायब! बोलणं गायब! शर्यतीतले बैल उधळावेत तसे सगळे एकदमच पळत सुटलेले. पडद्यावर ‘सावध’ असं आलं. मी ‘सा’ वाचला, ‘व’ला हात घातला, तेवढ्यात माझं मुंडकं उडालं!

ओट्यावरूनच प्रांजलला फोन लावला. माझा आवाज दोन शेतांपलीकडं बोलायच्या सवयीचा.

“प्रांजल, वाटोळं झालं! पाळीच बंद केली!”

“काय सांगता आप्पा! सगळीच?”

“सगळी! आता जो आधी पळंल त्याचं राज! कुणी कुणासाठी थांबायचं न्हाई!”

कुंपणापलीकडं शेजारचा म्हाळू गाईसाठी घास कापत होता. त्यानं कान टवकारले, घासाचा भारा तिथंच टाकला आणि खोरं उचलून चारीकडं धूम ठोकली.

“अवो, म्हाळू का पळाला?” माझ्या बायकोनं, गिताबाईनं, विचारलं.

“गाय सुटली आसंल,” असं म्हणून मी पुन्हा लढायला बसलो. पुन्हा मेलो.

तिसऱ्यांदा मरतोय तोच शेवंताबाई दारात उभी. तिचं रान चारीच्या पार शेवटाला, आणि त्या दिवशी पाळी तिची होती.

“आप्पा, आजच पाळी मोडायची व्हय? कांद्याची रोपं कालच लावल्यात. आज पाणी न्हाई मिळालं तर माना टाकत्याल!”

“कुणी मोडली पाळी?”

“तुम्हीच की! म्हाळू गावभर सांगत सुटलाय!”

एका पायात चप्पल, एक पाय मोकळा, असा मी चारीवर पोहोचलो. बघतो तर सगळ्यांची दारं उघडी! चारीत पाणी कसलं, ओल्या फडक्यानं पुसल्यासारखं दिसत होतं. शेवंताबाईकडं चिमणीची चोच भिजेल एवढंही जाणार नव्हतं.

“दारं बुजवा! पाळी चालू हाय!” मी ओरडलो. “मी गेमचं बोलत व्हतो!”

म्हाळू खोऱ्यावर रेलला. “गेम? कुणाचा गेम केला, आप्पा?”

“कुणाचा न्हाई रं! माझाच झाला!”

“आयला!” म्हाळू चारीभर ओरडला. “आप्पांचा गेम झाला! अध्यक्षपद गेलं! नवा अध्यक्ष यायच्या आत रानं भरून घ्या!”

लोकांनी दारं अजून रुंद केली!

शेवंताबाई पदर तोंडाला लावून नुसती पाण्याकडं बघत राहिली. शेवटी खिशातला फोन काढला आणि म्हाळूच्या हातात कोंबला. “धर! लढ!”

क्षणात म्हाळूचं मुंडकं उडालं.

“ह्यो काय गेम हाय? हातबी हलवू दिला न्हाई मला!”

“आरं, हेच नातीला सांगत व्हतो! ह्यातली पाळी बंद झाली!” मी पहिला भाग उघडून दिला. “आता हलव. तो थांबंल.”

म्हाळूनं धनुर्धारी एक घर पुढं सरकवला. शत्रू उभाच.

“थांबला की राव!”

खोरी खांद्यावर टाकून सगळे भोवती जमले. “मला दे!” “ए, सरक की!” “आप्पा, मी घोडा हलवतो!”

मी फोन वर धरला. “ज्याचं दार बंद, त्यालाच डाव!”

दारं बुजवायला अशी पळापळ मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती! थोड्या वेळानं शेवटाकडून शेवंताबाईची आरोळी आली, “आलं वो आप्पा! कांद्यात आलं!”

तिचे कांदे तरारलेत. दुसरा भाग मी काढून टाकला. पहिला गावाला इतका आवडला की त्याचीही पाळी मलाच लावून द्यावी लागली. अगदी न्यायानं लावली. माझा नंबर परवा आहे. फोन माझाच असला म्हणून काय झालं!

काल प्रांजलनं फोन केला. तो म्हाळूनं उचलला. “आप्पा घरी हायत. मी लढाईत हाय. मागनं कर!”