नाना कंडक्टरचं पथ्य

लग्नाच्या पंगतीला खिशात उकडलेली अंडी घेऊन बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नाना कंडक्टर. शेजारी लोक बुंदीवर ताव मारत असायचे आणि नाना वाढप्यापुढं हात आडवा धरून सांगायचे, "भात न्हाई. पुरी न्हाई. बुंदी पुढं सरकवा. भाजी मात्र डबल टाका." मग सदऱ्याच्या खिशातून एक अंडं निघायचं, गुडघ्यावर टक्क करून फुटायचं, आणि टरफलं इमानदारीत परत खिशात जायची.

राजुरीत एका माळकरी घरच्या लग्नात वरबाप धावत आला. "नाना, अहो देवाब्राह्मणासमोर हे काय मांडलंय?"

"पावणं, अंडं न्हाई, औषध हाय ते," नाना शांतपणे म्हणाले. "डाक्टरला इचारा."

वरबापानं त्यांना मांडवाबाहेर, जिपा उभ्या होत्या तिथं नेऊन बसवलं. नानांना त्याचं काही वाटलं नाही. उलट तिथल्या ड्रायव्हरांनी मीठ पुरवलं आणि दुसरं अंडं वाटून खाल्लं.

नानांची आणि माझी ओळख नारायणगावात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात झाली. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दिवसभर समोर पडलेल्या, मी स्टुलावर बसलेला, आणि बसल्या बसल्या वजन आणि साखर दोन्ही वाढलेली. जेवणानंतरच्या रक्ततपासणीसाठी बाकावर बसवलं होतं. शेजारी एक उंच, वाळकुडा म्हातारा होता. एसटीतून रिटायर झाला तरी खाकी पँट सुटली नव्हती.

"तुमची किती?" त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला.

"मग आपण एकाच गाडीतली शिटं हाय," ते म्हणाले आणि सरकून मला जागा करून दिली.

डॉक्टरांनी दोघांना एकदमच आत घेतलं. भात, भाकरी, चपाती, साखर, बटाटा, सगळ्यावर हात आखडायचा. पालेभाज्या, अंडी, ताक, मूठभर शेंगदाणे चालतील. गोळी चुकवायची नाही. बाहेर आल्यावर मी पायरीवरच बसलो. भाकरी सोडायची म्हणजे आमच्याकडं जेवणच सोडायचं. आमच्या भागात मासवडी खायची ती रश्श्यात भाकरी कुस्करून. नुसती मासवडी खाणाऱ्याला लोक आजारी समजतात, आणि आम्ही तर खरंच आजारी होतो.

"एकट्याला जमायचं न्हाई मिस्त्री," नाना म्हणाले. "जोडीनं करू. रोज संध्याकाळी जेवण झालं की एकमेकाला कळवायचं."

त्या वेळी मोबाइल नुकते हातोहाती आले होते आणि कॉल लावण्यापेक्षा मिस्ड कॉल देण्यावरच लोकांचा सगळा व्यवहार चालायचा. नानांनी एसटीचा कायदा लावला. पथ्य पाळलं तर दोन मिस्ड कॉल, म्हणजे डबल बेल, गाडी चालू. मोडलं तर एकच मिस्ड कॉल, सिंगल बेल, गाडी थांबली. आधी मी द्यायचा, मग नाना उलट देणार. "म्होरं बसणाऱ्यानं आदी बोलायचं, मागच्यानं मागनं," असं त्याला कारण दिलं. मला ते काही कळलं नाही, पण कंडक्टरशी वाद घालायची सवय आपल्याला नसते.

पथ्याची सगळी भाषाच त्यांनी गाडीची करून टाकली. भाकरी म्हणजे फुल तिकीट. अर्धी खाल्ली तर हाफ. चहात साखर घेणारा माणूस त्यांच्या लेखी विदाउट तिकीट. नारायणगावच्या बाजारात मी एकदा उसाच्या गुऱ्हाळापाशी नुसता उभा होतो. नानांनी रस्त्याच्या पलीकडून हाक मारली, "ओ मिस्त्री, हा थांबा न्हाई आपला!" सगळा चौक वळून बघायला लागला.

पहिला आठवडा डबल बेल वाजली. मग एका रात्री बायकोनं पिठलं केलं आणि माझा धीर सुटला. दीड भाकरी गेली. मी खाली मान घालून एक मिस्ड कॉल दिला. लगेच नानांचाही एकच आला. आणि पाठोपाठ चक्क कॉल, पैसे खर्चून.

"मिस्त्री, माझी बी गाडी पंक्चर. भाचीकडं गेलतो. तिनं शेवयाची खीर केलती. तीन वाट्या मारल्या."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! माझी दीड भाकरी त्या खिरीपुढं काहीच नव्हती. मी एकदम मोठा झालो. "नाना, खीर म्हणजे हद्द झाली. या वयात जिभेवर ताबा पाहिजे," असं बरंच ऐकवलं. नाना पलीकडून गरिबासारखे "व्हय, व्हय, चुकलंच" करत राहिले. आता एवढं भाषण दिल्यावर दुसऱ्या दिवशी आपण कसं खायचं? पुढचे कितीतरी दिवस मी भाकरीकडं बघितलं नाही.

असंच चालू राहिलं. मी घसरलो की नाना घसरायचे, आणि माझ्याहून जास्त. मी जिलबीचा एक वेढा खाल्ला तर त्यांनी पावशेर. मी कांदेपोहे, तर त्यांनी ओतूरला बहिणीकडं पुरणपोळ्या, वर तूप. मी फोनवर रागवायचो आणि मनात म्हणायचो, बिचारा म्हातारा, मी नसतो तर याचं काय झालं असतं?

गंमत म्हणजे तपासणीला गेलो की नानांचा रिपोर्ट माझ्याहून चांगला.

"नाना, एवढं खाता आणि साखर उतरते कशी तुमची?"

"उभ्यानं नोकरी केलेला माणूस हाय मी," ते म्हणायचे. "खाल्लेलं सगळं पायात जातं."

मी विश्वास ठेवला. माझीही साखर हळूहळू उतरत होती, पँट ढिली झाली होती. आपण दोघांचं पथ्य ओढतोय या आनंदात मी होतो.

उन्हाळ्यात एक म्हातारी बाई जळालेली मोटार जीपमध्ये टाकून दुकानात आली. ओतूरची. मोटार उतरवून घेताना म्हणाली, "आमचा नाना कंडक्टर म्हणला, मिस्त्री लई चांगलं हायेत, त्यांच्याकडंच जा."

"म्हणजे तुम्ही नानांची बहीण!" मी स्टूल पुढं केलं. "अक्का, एक सांगतो, राग मानू नका. नानांना पुरणपोळ्या खाऊ घालत जाऊ नका हो. त्यांना चालत नाहीत."

"कवा खाऊ घातल्या?"

"मागच्याच महिन्यात. वर तूपसुद्धा."

"दिवाळीपास्नं आला न्हाई तो माझ्याकडं," अक्का म्हणाली. "आन आला तरी खाईल व्हय? वहिनी गेली तवापास्नं भाकरी न्हाई, गोड न्हाई. पाहुणं पाया पडलं तरी हात लावत न्हाई."

मी म्हणालो, "मग भाचीकडची खीर?"

"कंची भाची? मला दोन पोरगेच हायेत, आन नानाला भन मी एकलीच."

मी हातातला पाना खाली ठेवला. अक्कानं पदरानं घाम पुसला आणि आपणहून सांगायला लागली. नानांच्या बायकोला साखर होती. नाना ड्युटीवरून आले की आधी तिचं ताट तपासायचे. प्रवाशाचं तिकीट तपासावं तसं. काही सापडलं की आवाज गल्लीभर. साखरेचा डबा आपल्या पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावायचे. सगळं तिच्या भल्यासाठीच. तिच्या पायाला जखम झाली, ती भरलीच नाही. ती गेल्यावर धान्याची कोठी रिकामी केली, तर गव्हाच्या तळाशी चिंध्यांत गुंडाळलेले गुळाचे खडे निघाले. बरेच.

"रडला न्हाई," अक्का म्हणाली. "खडे ओंजळीत घेऊन तिथंच खाली बसला. मग म्हणला, अक्के, मी तिला चोर केली. माझ्या भ्यानं ती एकटीच खात व्हती. एक डाव जरी म्हणलो असतो, मला बी व्हत न्हाई गं, तर मला सांगून खाल्लं असतं तिनं. सांगून खाणारं माणूस कमी खातं."

ती निघून गेली. मी मोटार उघडून जळालेली तार ओढून काढायला लागलो. फोनवर नानांना मी काय काय सुनावलं होतं ते एकेक आठवत होतं, आणि आधी मिस्ड कॉल मीच का द्यायचा, तेही आता कळलं.

मोटार झाल्यावर ती ओतूरला पोचवली आणि येताना राजुरीला नानांच्या घरी उतरलो. नाना अंगणात मेथी निवडत होते. मला बघून इतके गडबडले की मेथीची जुडी घेऊनच उभे राहिले.

"या, या. जेवूनच जायचं आता."

दोन खोल्यांचं घर. मुलगा चाकणला कंपनीत, सून तिकडंच. नानांनी पितळी घासून दोन ताटं मांडली. दुसरं ताट फळीवर मागं होतं, ते काढायला त्यांना स्टुलावर चढावं लागलं. मेथी, अंड्याचा रस्सा, ताक. मी सहज म्हणून स्वयंपाकघरात नजर टाकली. पिठाच्या डब्यात लसूण ठेवलेला होता. परात कुठं दिसली नाही. चुलीपाशी तवासुद्धा नव्हता.

"चव कशी हाय?" नानांनी विचारलं.

"चांगली आहे."

"एकटा असलो की उभ्याउभ्याच खातो मी. आज मांडी घातली." असं म्हणून ते स्वतःशीच हसले. "समोर माणूस असलं की भाकरीची आठवण येत न्हाई, न्हाई का?"

मला त्यांना सगळं सांगायचं होतं. अक्का भेटली, कळलं, माझं चुकलं, असं काहीतरी. ओठावर आलंही. पण नाना इतक्या मन लावून माझ्या ताटात रस्सा वाढत होते की ते मोडवेना. म्हणून मी दुसरंच सांगितलं, जे खरंही होतं.

"नाना, आज सकाळी राहवलं नाही. दोन भाकरी खाल्ल्या."

नानांनी पळी भांड्यात ठेवली. माझ्याकडं पाहिलंही नाही.

"मी अडीच," ते म्हणाले.

"मग आतापासून दोघंही नीट धरू," मी म्हणालो, आणि ताट पुढं केलं.