बिअरचा खोका आणि आमची शेड

चूक माझ्या बापाची. रसेलची. अर्धी नेव्हिलची म्हणता येईल, पण नेव्हिलला आणला बापानेच, तेव्हा सगळी बापाची.

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मँड्युराला समुद्राजवळ एक घर मिळत होतं. मागे पत्र्याची मोठी शेड, आणि ती मला द्यायचं कबूल झालेलं. तिथे मी सर्फबोर्ड बनवणार होतो. (कॉलेज सोडलेला मुलगा काहीतरी करतो म्हणाला की घरचे लगेच हो म्हणतात.) घराचे कागद आणि पैसे इकडचे तिकडे करणं हे सेटलमेंट एजंटचं काम. आईने एक परवानेवाली बाई शोधूनही ठेवली होती. पण बापाला फी म्हणजे लूट वाटते. शेजारचा नेव्हिल, निवृत्त पोस्टमन, आयुष्यात एकदा होडी विकलेला, म्हणाला, मी करतो की. बापाने त्याला बिअरचा खोका दिला. दोस्ताचे उपकार आमच्याकडे असेच फेडतात. खोका उचलून नेला मी.

मग आईने दोघांना कायदा वाचून दाखवला: मोबदला घेऊन दुसऱ्याचं हे काम करायचं तर परवाना हवा, नाहीतर दंड. नेव्हिल पांढराफटक.

"रसेल, बिअर मोबदल्यात मोडते का रे?"

"आता कसली मोडतेय? प्यायलास की सगळी."

कायद्याला घाबरून नेव्हिलने बदल्यात नवा खोका आणून दिला. पण हलक्या बिअरचा. बाप भडकला. "मी कडक दिली होती. ही आजाऱ्याला पाजतात."

बोलणं बंद. कागद नेव्हिलकडे, आणि ते मागायला जाणं बापाच्या इभ्रतीला झेपेना. मी जातो म्हटलं, तर म्हणे तुला काय कळतं. या दोघांना मिळून किती कळत होतं ते दिसलंच.

ठरल्या दिवशी भाड्याचं घर सोडून, गाद्या गाडीवर बांधून आम्ही नव्या दारात उभे. विकणाऱ्याच्या बाजूची एजंटबाई किल्ली पर्समध्ये टाकत म्हणाली, "व्यवहार झालाच नाही, रसेल. तुमच्याकडून कुणी काही केलंच नाही."

नेव्हिल कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं घर, घेऊन उत्तरेला मासे धरायला गेला होता, कागदांसकट. तिथे फोन लागत नाही. विकणाऱ्याने नोटीस पाठवली, मुदतीत व्यवहार पुरा करा म्हणून; ती मुदत नेव्हिलला शोधण्यातच संपली. बयाणा बुडाला, घर दुसऱ्याला गेलं.

नेव्हिल परतला, आणि आता आम्ही त्याच्याच अंगणात, त्याच्याच कॅरव्हॅनमध्ये राहतो. दोघा म्हाताऱ्यांचा समेट झालाय. संध्याकाळी माझ्या गादीवर बसून कायद्याला शिव्या घालतात. आई दोघांशीही बोलत नाही. भाडं म्हणून दर शुक्रवारी एक खोका. कडक. उचलून मीच नेतो.

शेडच्या भरवशावर आधीच सुरू केलेले माझे अर्धवट बोर्ड अंगणात पावसात फुगले. शेड गेली.