तुळशीरामकाकांचा चार्ज

आमच्या बीबी गावात तुळशीरामकाकांकडे घराची चाबी नुसती ठेवता येत नाही. "काका, चाबी ठेवा, जाऊन येते," म्हणालात की ते हात मागे घेतात. मग कुलूप पुन्हा उघडायचं, काकांना घरभर फिरवायचं, गॅस बंद आहे, नळ गळत नाही, मागच्या दाराला कडी आहे, सगळं दाखवायचं. शेवटी दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. तुम्ही म्हणायचं, "घर हवाली केलं." काका टाच आपटून म्हणणार, "ताब्यात घेतलं." तोवर एसटी निघून गेलेली असते.

तरी गावातल्या नऊ घरांच्या चाब्या त्यांच्याच ओसरीत टांगलेल्या आहेत. शिव्या देत देत लोक त्यांच्याकडेच देतात.

काका फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. कुणी नवख्यानं "कोणत्या ठाण्याले होते?" असं विचारलं की संपलंच.

"बस बे खाली. पोलीस नाही, फौज! हवाला हा अरबी शब्द. म्हणजे सोपवलेली गोष्ट. दार हे फारसी. म्हणजे धरणारा, सांभाळणारा. ज्याच्या हवाली केलं, तो हवालदार! जुन्या काळी गडाच्या चाब्या कोणापाशी राहत? गडाच्या हवालदारापाशी. इंग्रजानं आपली फौज उभारली, पण हा शब्द तसाच ठेवला. काऊन?"

या 'काऊन'ला, म्हणजे 'का'ला, उत्तर द्यायचं नसतं. दिलंत तर गाडी पुन्हा अरबस्तानातून निघते. भरती झाल्यावर कवायत शिकवणाऱ्या उस्तादानं त्यांना हा धडा दिला होता म्हणे. कवायत आता गुडघे विसरलेत, धडा मात्र पाठ आहे. लहानपणी मी एकदा विचारलं, "काका, मग जमादार म्हणजे काय?" काका म्हणाले, "ते जमादाराले विचार."

बाबा गेले आणि आई बीबीत एकटी राहिली. मी बुलढाण्याला कोर्टात नोकरीला. आई तिकडे यायला तयार नाही. एका रविवारी घाईघाईत निघताना मी सहज बोलून गेले, "काका, आई तुमच्या हवाली हं."

"थांब," काका म्हणाले.

झालं! त्यांनी आईला अंगणात उभं केलं. गोळ्या कोणत्या, शुगर किती, गुडघा कोणता दुखतो, सगळं मला बोलून दाखवायला लावलं. आई भडकली. "मी काय बकरी हाय काय हो भाऊजी, पाहून घेऊन राह्यले ते?"

"वहिनी, मधात बोलू नका," काका म्हणाले आणि टाच आपटली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला कुंपणापलीकडून आरोळी सुरू झाली, "वहिनी, हाजिरी!" आई आतून ओरडायची, "जित्ती हाय! चहा घेता काय?" मी फोनवर हे ऐकून हसायचे. आता त्या हसण्याची लाज वाटते.

कारण मागच्या हिवाळ्यात एका सकाळी आतून उत्तरच आलं नाही. काकांनी दोन हाका मारल्या. तिसरीला थांबले नाहीत. त्या गुडघ्यांनिशी कुंपण ओलांडलं, आतून कडी होती, खांद्यानंच दार तोडलं. आई न्हाणीत पडली होती. शुगर एकदम उतरली होती. काकांनी ऑटो काढायला लावून तिला दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा ती बिस्कीट खात बसली होती. डॉक्टर म्हणाले, तासाभराचा उशीर झाला असता तर अवघड होतं. मी काकांच्या पायावर डोकं ठेवून ढसाढसा रडले.

"आभार कायचे?" काका पाय मागे घेत म्हणाले. "चार्ज होता." आणि वर, "दाराची कडी मी बसवून देतो."

या वर्षी काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी बजावलं, आणखी लांबवलं तर डोळा हातचा जाईल. काका आज-उद्या करत राहिले. कधी ऊन, कधी श्राद्ध, कधी गुडघा. शेवटी मीच बीबीला जाऊन ओरडले, "काका, आंधळं व्हायचं आहे का?"

"चार्ज कोणाले देऊ?" ते म्हणाले. मग खिळ्यांवरच्या चाब्यांकडे बोट दाखवलं. "लोकायच्या चाब्यायचं होईन काहीतरी. पण माह्या घराची कोणाले देऊ, पोरी? सिंधू गेल्यापासून मी गावात एकटाच. गाव सोडून रातभर कुठी राह्यलोच नाही."

सिंधूकाकू त्यांची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं. ओट्यावर बसलेली आई हळूच मला म्हणाली, "सुट्टी संपली का भाऊजी फाटकात उभं राहून तिले म्हणत, घर हवाली केलं. सिंधू म्हणे, ताब्यात घेतलं. मंग भाऊजी एसटीत बसत. साऱ्या नोकरीभर."

मी इतकी वर्षं ते फौजेचं समजत होते.

आई उठली. पदर खोचून काकांच्या घरात शिरली. गॅस पाहिला, नळ पाहिला, मागची कडी ओढून पाहिली. मग काकांच्या समोर येऊन उभी राहिली. "हं, म्हना."

काका टाचा जुळवून उभे राहिले. "घर..." म्हणाले आणि थांबले. दुसऱ्यांदा जमलं, "घर हवाली केलं."

आईनं चप्पल आपटली. "ताब्यात घेतलं. निंघा आता, एसटी जाईन."

ऑपरेशन छान झालं. काळा चष्मा लावून काका परतले. आईनं इतके दिवस सांभाळलेल्या नऊ घरांच्या चाब्या पुन्हा खिळ्यांना लावून दिल्या. दहावी, त्यांच्या स्वतःच्या घराची, तिनं पुढे केली तर काकांनी हात मागे घेतला. "एक जोड चाबी हाय माह्यापाशी. हे राहू द्या तुमच्यापाशी, वहिनी."

आता सकाळी सहाला कुंपणाशी आरोळी होते, "वहिनी, हाजिरी!"

"जित्ती हाय!" आई म्हणते. "अन् तुमची हो?"

पहिल्या दिवशी काकांनी तिला दोनदा विचारायला लावलं, आई सांगते. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. आता मात्र रोज टाच आपटल्याचा आवाज येतो आणि पाठोपाठ काका ओरडतात, "हाजिर!"